बागेतला बांड्या आणि गोचीडताप

देवगडकडच्या कलमांच्या बागेत कुत्रा असतो तो हौसेपोटी नव्हे. कैरी वाटाण्याएवढी धरली की वानरांच्या टोळ्या सड्यावरून खाली उतरतात, आणि खातात त्याच्या दुपटी-तिपटीनं तोडून टाकतात. फटाके वाजवून, डबे बडवून, गलोली मारून माणूस थकतो. वानरांना माणसाच्या वेळा बरोबर कळतात. राखण्या जेवायला गेला की ती हजर. कुत्र्याच्या वेळा मात्र त्यांना कळत नाहीत, कारण त्याला वेळच नसते. म्हणून बाग तिथं कुत्रा.

आमचा बांड्या पांढरा, पाठीवर आणि एका डोळ्यावर तपकिरी डाग. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो वाडीतूनच पिल्लू असताना आणला. दिवसा बागेत, रात्री खळ्यात. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दोन वेळचा भात आणि माशांची डोकी पत्र्याच्या ताटलीत पडली की खायची आणि राखण करायची, असा सरळ व्यवहार.

मुंबईची पाहुणेमंडळी मे महिन्यात येतात आणि म्हणतात, तुम्ही गावाकडचे लोक कुत्र्याला जीव लावत नाही. मला याचा राग येतो. म्हाळाच्या दिवशी आमच्याकडे कावळ्यासाठी पान ठेवतात तसा कुत्र्याचाही घास बाजूला काढतात, आणि तो त्याच्यापर्यंत पोचल्याशिवाय घरातलं कुणी जेवायला बसत नाही. बागेत राखणीला असलेला आमचा नेपाळी दाजू तर नरकचतुर्दशीला बांड्याच्या कपाळावर टिळा लावतो, गळ्यात झेंडूची माळ घालतो. नेपाळात तिहारच्या सणात त्या दिवशी कुत्र्याची पूजाच असते. जीव लावण्याची आमची रीत ही अशी आहे. फक्त एक खरं, की हात कुणी लावत नाही. बांड्याच्या अंगावरून कुणी कधी हात फिरवलेला मी पाहिला नव्हता, मीही फिरवला नव्हता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

फेब्रुवारीत तो जेवेनासा झाला. आधी भात तसाच टाकला, मग मासेही टाकले. पाण्याजवळ जायचा, दोन घोट घ्यायचा आणि माडाच्या आळ्यातल्या ओल्या मातीत जाऊन पडायचा. वानरं पलीकडच्या फणसावर हुपहुप करत होती तरी हा मान उचलून नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्याच्या कडेला रक्ताचे थेंब दिसले. त्याच्या एका नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं आणि तो ते चाटून घेत होता.

आबांनी पाहिलं आणि म्हणाले, "फुरसां चावलां आसतलां गो. बघ, रगात येता."

त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आमच्या कातळसड्यावर फुरशी, म्हणजे ते लहानसे विषारी साप, भरपूर, आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येतं. मी ह्यांना मुंबईला फोन केला. ते म्हणाले, उशीर करू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर त्या दिवशी गुरांच्या लसीकरणाला आतल्या गावात गेले होते, म्हणून कणकवलीला खासगी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. रिक्षावाला रक्त बघून नको म्हणाला. शेवटी शेजारचा आंब्याच्या पेट्या वाहायचा टेंपो मिळाला. मागे पेंढा पसरला, त्यावर बांड्याला ठेवायचं होतं आणि ठेवायचं म्हणजे उचलायचं होतं. दाजूनं गोणपाट त्याच्या खाली सरकवलं, आम्ही दोघांनी चार टोकं धरली. तो गुरगुरला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. एरवी त्यानं उचलू दिलं नसतं.

डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी आधी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि मलाही पाहायला लावल्या. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरतो. बांड्याच्या हिरड्या दाबण्याआधीच फिक्या होत्या. मग त्याला कुशीवर निजवून पोटाकडची केस नसलेली कातडी दाखवली. टाचणीनं टोचल्यासारखे लाल-जांभळे ठिपके होते. ताप 104 होता. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, 101 ते 102.5 हे त्याचं नेहमीचं, तरीही हा ताप जास्तच.

फुरशाचं मी सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पायांवर, तोंडावर सूज आहे का, दाताच्या खुणा आहेत का, हे नीट चाचपलं. मग पुढच्या पायावरचे केस काढून रक्त घेतलं, त्यातलं थोडं एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घातलं आणि ती टेबलावर उभी करून ठेवली. "वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही," म्हणाल्या. फुरशाचं विष अंगात भिनलं असेल तर वीस मिनिटांनीही रक्त पाण्यासारखं पातळ राहतं. माणसांच्या दवाखान्यातही सर्पदंशाला हीच चाचणी करतात.

ती वीस मिनिटं मी बांड्याचं डोकं धरून बसले होते. नाकातून रक्त येत असल्यामुळे तोंडाला पट्टी बांधायची नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून कुणीतरी डोकं धरणं भाग होतं. माझा एक तळवा त्याच्या कानामागे, दुसरा हनुवटीखाली. तळव्याखाली कानाच्या मुळाशी खडे लागावेत तसं काहीतरी लागत होतं. कान उलटून पाहिला तर आत गोचिडींची रांग. काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, राखाडी.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त हललं नाही. खाली घट्ट गोळा होऊन बसलं होतं. फुरसं नव्हतं.

मग बाकीच्या तपासण्या. प्लेटलेट 40,000 निघाल्या. कुत्र्याच्या साधारण दोन ते पाच लाख असतात. एका छोट्या किटवर रक्ताचा थेंब टाकला आणि रेघ उमटली. एर्लिकिया. आमच्याकडे ज्याला सरसकट गोचीडताप म्हणतात त्यातला हा एक. गोचीड चावताना तिच्या लाळेतून हा जिवाणू कुत्र्याच्या रक्तात जातो, पांढऱ्या पेशींत घर करतो आणि मग प्लेटलेट नष्ट होत जातात. रक्त थांबवणारंच कमी झालं की नाकातून येतं, कातडीखाली ठिपके दिसतात. इलाज आहे आणि तो साधा आहे. डॉक्सीसायक्लीनची गोळी, पूर्ण 28 दिवस. बांड्याच्या वजनाला 100 मिलिग्रॅम सकाळी आणि 100 संध्याकाळी. सोबत सलाईन, तापाचं इंजेक्शन, आणि गोचिडी मारणारी एक चघळायची गोळी, जिचा असर महिनाभर टिकतो.

निघताना त्यांनी जे बजावलं ते इथं लिहिते, कारण आमच्या भागात नेमकं त्याच्या उलट केलं जातं. ताप आहे म्हणून माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी घरच्या घरी द्यायची नाही. कुत्र्याला त्या गोळ्या विषासारख्या भोवू शकतात आणि काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. ही डॉक्सीसायक्लीन दुधातून द्यायची नाही, दुधातल्या कॅल्शियमनं तिचा गुण कमी होतो. रिकाम्या पोटी आणि नुसती कोरडीही द्यायची नाही, घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. आणि बागेच्या फवारणीचं उरलेलं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला अजिबात आंघोळ घालायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. पंचक्रोशीत असं करणारे आहेत, मला माहीत आहेत. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जातं, तोंडातून लाळ, अंगाला थरथर, मग झटके. गोचिडी मरतात आणि त्यांच्याबरोबर कुत्राही.

घरी आलो आणि गोळीचा प्रश्न उभा राहिला. बांगडा उकडून काटे काढले, मासात गोळी दडवली. बांड्यानं बांगडा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून ताटलीत ठेवली. भाताच्या गोळ्यात घातली, तीच गत. तेव्हा डॉक्टरांनी दाखवलेलं करणंच आलं. डावा हात वरच्या जबड्यावरून न्यायचा, सुळ्याच्या मागे जिथं दात नसतात तिथं अंगठा घालायचा. तोंड आपोआप उघडतं. उजव्या हातानं गोळी जिभेच्या अगदी मुळाशी ठेवायची, तोंड मिटायचं, नाक जरा वर धरायचं आणि गळ्यावरून खाली हात फिरवत राहायचं. जिभेनं त्यानं नाक चाटलं की समजायचं, गोळी उतरली. त्यावर लगेच भाताचा घास.

लिहिताना हे सोपं वाटतं. पण ज्या कुत्र्याला जन्मात कुणी हात लावला नाही त्याच्या जबड्यात अंगठा घालायचा आहे. दवाखान्यात तो अर्धमेला होता. सलाईन चढल्यावर त्याला भान आलं आणि मी तोंडाकडे हात नेला की तो खोल आवाजात गुरगुरायला लागला. दात दाखवले नाहीत, नुसती सूचना दिली. मी त्याच्या शेजारी खळ्यात बसून राहायला लागले. मी गोळी घेऊन येते तेव्हाच हात लावते, असं त्याला वाटायला नको होतं. तांदूळ निवडायला तिथंच बसायचं, फोनही तिथंच बसून करायचा. मध्येच मुठीची मागची बाजू त्याच्या नाकाशी धरायची, हुंगू द्यायचं, मग कानामागे दोन बोटं. त्यानं मान वळवली की थांबायचं. एका संध्याकाळी मी बोटं काढून घेतली तेव्हा त्यानंच डोकं पुढं सरकवलं आणि माझ्या हाताखाली आणून ठेवलं. त्यानंतर गोळीला त्रास असा झाला नाही.

पुढे या विषयावर वाचताना कळलं की आयसर कोलकाता या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांवर नेमका असाच प्रयोग केला होता, 2017 साली तो प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना अनोळखी माणसानं जास्तीचं खाणं दिलं, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. अशा भेटी पुन्हा पुन्हा झाल्यावर, ज्यांच्या डोक्यावरून हात फिरला होता त्या कुत्र्यांचा त्या माणसावर विश्वास अधिक बसलेला दिसला. विलायती जातीची, सोफ्यावर वाढलेली कुत्री नव्हेत ही, आपल्या रस्त्यांवरची. आम्ही इतकी वर्षं बांड्याला पोटभर घातलं, त्यात कमी केली नाही. त्याला याचीही भूक होती हे गोचीडतापानं दाखवलं.

गोचिडी काढायचं काम आबांनी घेतलं. ते कसं घेतलं ते सांगण्यासारखं आहे. मी बारीक चिमटा घेऊन बांड्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात शोधत होते, ते ओसरीवरून बघत होते. थोड्या वेळानं चष्मा लावून खाली आले, माझ्या हातातून चिमटा घेतला आणि म्हणाले, "तुका जमाचा नाय ह्या. माका दी." आबांनी आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली. डोळ्याला काप घेणारा हात. गोचीड कातडीच्या अगदी लगत पकडायची, पिळायची नाही, झटका द्यायचा नाही, सरळ वर ओढायची म्हणजे तिचं तोंड आत तुटून राहत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. एकही गोचीड त्यांच्या हातून तुटली नाही. काढलेली साबणाच्या पाण्यात टाकायची, नखानं चिरडायची नाही. काम करताना ते बांड्याशी बोलत होते. "हलू नको रे. हलू नको. झाला, झाला." माझ्या लग्नापासून मी त्यांना कुत्र्याशी फक्त ओरडताना ऐकलं होतं.

घराची बाजू राहिली होती. कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडी थोड्याच, बाकी सगळ्या त्याच्या निजायच्या जागेभोवती असतात. मादी रक्त पिऊन झाली की खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते, तिथं हजारो अंडी घालते आणि मरते. पिल्लं निघतात ती पुन्हा कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, पडतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. आमचं घर चिऱ्याचं, खालचे थर बिनगिलाव्याचे. जांभ्या दगडाला अंगभर भोकं, गोचिडींना याहून चांगली जागा कुठली मिळणार? बॅटरी मारून पाहिलं तर पडवीच्या पायाच्या चिऱ्यांत आणि सारवलेली जमीन भिंतीला भिडते त्या फटीत त्या दिसल्या. बांड्याचं गोणपाट जाळलं. भिंतीच्या बुडाशी उकळतं पाणी ओतलं, दाजूनं माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत भोकं सिमेंटनं बुजवली, वरून चुना लावला. ज्यांची घरं चिऱ्याची आहेत त्यांनी कुत्र्याला औषध देऊन हे काम टाळू नये. गोचीड महिनोन्महिने उपाशी राहू शकते.

या सगळ्या काळात बागेची राखण एकट्या दाजूवर. वरच्या अंगाची चार-पाच कलमं वानरांनी ओरबाडली. वाडीतले लोक येता-जाता विचारत, कुत्र्यापायी एवढा खर्च? एकानं सरळ सांगितलं की दुसरं पिल्लू आणा, वर्षभरात तयार होईल. आबा त्याला काही बोलले नाहीत, फक्त तो गेल्यावर मला म्हणाले, दुपारची गोळी आहे का रात्रीची, बघ. गोळी सकाळ-संध्याकाळचीच होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं, दोन-तीन दिवसांत तो खायला लागला आणि आठवड्याभरात खळ्यातून वानरांवर भुंकायलाही लागला. इथंच बहुतेक घरांत गोळी बंद होते. कुत्रा हिंडतो-फिरतो, मग औषध कशाला? पण जिवाणू गेलेला नसतो, दबलेला असतो, आणि अर्धवट औषधानंतर काही महिन्यांनी परत उठला तर हाडांतलं रक्त तयार होणंच बंद पडू शकतं. मग डॉक्सीसायक्लीनही फारसं काही करू शकत नाही. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज दोन फुल्या मारल्या. आबांच्या फुल्या मोठ्या, माझ्या लहान.

फेरतपासणीला गेलो तेव्हा यंत्रातून आकडे यायला वेळ होता, आणि मी त्या वाडीतल्या माणसाचं बोलणं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला एका खड्ड्याची गोष्ट सांगितली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं दगडाच्या खाणीत 1914 साली कामगारांना एक जुनी पुरलेली जागा सापडली. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा. सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची. पुढे त्या कुत्र्याचे दात तपासले तेव्हा कळलं की ते सात महिन्यांचंही नसलेलं पिल्लू होतं आणि मरण्यापूर्वी काही आठवडे त्याला डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य रोगाचा, जबर आजार झाला होता. डिस्टेंपरमध्ये पिल्लू खात नाही, उभं राहत नाही, त्याला पाणी पाजावं लागतं, पुसावं लागतं, ऊब द्यावी लागते. तसं केल्याशिवाय ते इतके दिवस जगलंच नसतं. हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन. शेती नव्हती, बागा नव्हत्या, शिकार मिळेल त्या दिवशी जेवण. आणि त्या माणसांनी शिकारीच्या काहीही उपयोगाच्या नसलेल्या पिल्लाला आठवडेच्या आठवडे सांभाळलं, मग आपल्या माणसांशेजारी पुरलं. ऐकताना मी बांड्याचं डोकं धरलं होतं. आता धरायची गरज नव्हती, तो टेबलावर आपणहून उभा होता. प्लेटलेट 2,30,000 आल्या.

बांड्या बागेत परतला तेव्हा कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्या होत्या. काम तो पूर्वीसारखंच करतो, फक्त दुपारी बागेतून एक फेरी घराकडे मारतो, आबांच्या आरामखुर्चीशेजारी थोडा वेळ बसतो आणि परत जातो. पडवीत यायला त्याला आता मनाई नाही. तसं कुणी ठरवून सांगितलं नाही, नवं गोणपाट आबांनी तिथं टाकलं एवढंच. सप्टेंबरात गावात रेबीजच्या लशीचं शिबिर झालं, तेव्हा बाकीच्या कुत्र्यांना पकडायला जाळं लागलं, याला मी नुसतं मांडीशी धरून उभी राहिले.

रविवारी सकाळी आबा चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसतात. वाडीतून आणखी दोन घरची कुत्री आता त्यांच्याकडे येतात, म्हणजे त्यांची माणसं त्यांना आणतात. शेजारच्या काकींची काळी मात्र अजून येत नाही. काल मी तिच्या हिरड्या लांबूनच, ती जांभई देताना पाहिल्या, गुलाबी आहेत. पण कानाच्या मुळाशी गोचिडी दिसल्या. आबा पुढच्या रविवारी तिकडे जाणार आहेत. काकींना मी सांगून आले आहे की तोवर रोज भात घालताना तिच्याजवळ बसा आणि कानामागे हात फिरवा, नाहीतर ती आबांना हात लावू द्यायची नाही.